रिपोर्ट नॉर्मल, तरी शरीर का दुखतं? प्रेस शॉपमधल्या कामगाराला सविस्तर उत्तर

प्रश्न: माझं वय ४१. चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत प्रेस शॉपला (यंत्राने पत्रा दाबून भाग काढायच्या विभागात) ऑपरेटर आहे, कायम आहे. दर आठवड्याला शिफ्ट बदलते, वर ओटी (ओव्हरटाइम) असतेच. वर्षभरापासून छातीत जळजळ, मान-खांदे आखडलेले, डोकं दुखतं, नाइटनंतर झोप लागत नाही, झोपेत हातांना मुंग्या येतात. कंपनीच्या तपासणीत बीपी १५०/९६ निघालं. ईसीजी, इको, एंडोस्कोपी सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, टेन्शन घेऊ नका. टेन्शनने शरीर खरंच एवढं बिघडतं का, की माझ्याच मनाचे खेळ आहेत? नोकरी सोडता येणार नाही.

उत्तर: मनाचे खेळ अजिबात नाहीत. १५०/९६ हा आकडा दंडाला पट्टा बांधून मोजलेला आहे. भोसरी, पिंपरी, चाकण या पट्ट्यात कंपन्यांचा डॉक्टर म्हणून माझी हयात गेली, आणि तुम्ही लिहिलेल्या तक्रारी जवळजवळ याच क्रमाने मी ऑपरेटर लोकांच्या तोंडून ऐकत आलो आहे. ईसीजी आणि इको नॉर्मल आले याचा अर्थ हृदयाला अजून इजा झालेली दिसत नाही, इतकाच. ही चांगली बातमी आहे, कारण अजून वेळ हातात आहे. पण इजा होण्याची तयारी चालू आहे का, हे ते रिपोर्ट सांगत नाहीत. ते तुमचं बीपी आणि तुमची झोप सांगते.

टेन्शन घेऊ नका, या सल्ल्याने तुमच्या हाती काहीच लागलं नाही, कारण ताण तुमच्या स्वभावात नाही, तुमच्या कामाच्या रचनेत आहे. प्रेसचा वेग तुम्ही ठरवत नाही. शिफ्टचं चक्र, टार्गेट, आवाज, यातलं काहीच तुमच्या हातात नाही. त्यामुळे पोटासाठी एक डॉक्टर, मानेसाठी दुसरा, डोकेदुखीसाठी तिसरा असं करून तुमचं दुखणं सापडायचं नाही. शिफ्टचं वेळापत्रक समोर ठेवून सगळ्या तक्रारी एकत्र वाचाव्या लागतील. मी तेच करतो.

आधी शरीरात काय होतं ते बघू. धोका जाणवला की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, स्नायू ताठ होतात, पचन मागे पडतं. पाठोपाठ कॉर्टिसॉल येतं आणि रक्तातली साखर वाढवून ठेवतं. दहा मिनिटांचा प्रसंग असेल तर यात काहीच बिघडत नाही. प्रसंग सरला की शरीर खाली उतरतं. तुमच्या बाबतीत ते उतरायची वेळच येत नाही. आठ तास हात डायजवळ (प्रेसच्या साच्याजवळ), एक नजर काउंटरवर, एक कान सुपरवायझरच्या आवाजाकडे. घरी गेल्यावर झोप नाही. म्हणजे रात्री झोपेत बीपी जे खाली यायला हवं, तेही नीट येत नाही. महिनोन् महिने असं चाललं की रक्तवाहिन्या वाढलेल्या दाबालाच सरावतात, आणि मग सुट्टीच्या दिवशीही बीपी चढलेलंच राहतं.

साहेब लोकांना टेन्शन, कामगाराला फक्त अंगमेहनत, असा एक समज आपल्याकडे पक्का आहे. तो खोटा आहे. ब्रिटनमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांचा मोठा अभ्यास झाला, व्हाइटहॉल नावाने तो ओळखला जातो. त्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या साहेबांपेक्षा सगळ्यात खालच्या श्रेणीत सुमारे तिप्पट निघालं, आणि बिडी-सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब धरूनही तो फरक पूर्ण भरून निघाला नाही. १९७९ मध्ये रॉबर्ट कारासेक या अमेरिकन संशोधकाने याचं एक स्पष्टीकरण मांडलं, आणि शॉप फ्लोअरवर मला ते रोज पटतं: कामाचा रेटा जास्त आणि त्या कामावर स्वतःचा ताबा कमी, हे दोन्ही एकत्र आले की माणसाचं शरीर सगळ्यात जास्त झिजतं. जबाबदारी मोठी पण निर्णय आपल्या हातात, असा साहेबाचा ताण वेगळा. तुमच्यासारख्याला रेटा आहे आणि ताबा नाही.

ताबा नसणं म्हणजे काय, हे वरच्या मजल्यावर कळत नाही म्हणून एक उदाहरण सविस्तर देतो. लघवीला जायचं आहे. लाइन चालू आहे. जागा सोडायची तर रिलीव्हर, म्हणजे तेवढा वेळ आपली जागा सांभाळणारा माणूस पाहिजे. रिलीव्हर दोन लाइन मिळून एक, तोही कुठेतरी अडकलेला. सुपरवायझरला हात केला तर तो म्हणतो, थांब, हा लॉट होऊ दे. असं दोन-चारदा झालं की माणूस कुणाला विचारायचं सोडून देतो आणि पाणीच कमी पितो. शिफ्टला येताना एक घोट, जेवणाच्या सुट्टीत एक ग्लास. शॉपमध्ये पत्रा तापलेला, पंखा गरम हवा फेकतोय, अंगाला घामाची धार. दुपारी तीनला तो ओएचसीत, म्हणजे कंपनीच्या दवाखान्यात येतो आणि सांगतो, डोकं फुटतंय. मी विचारतो, लघवीचा रंग कसा आहे? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: गडद पिवळा, जळजळ होते. याच्या पुढचा टप्पा मुतखडा. असेंब्ली लाइनवरच्या मुलींचे हाल याहून वाईट आहेत. लघवीच्या जागेचं इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होणाऱ्या कितीतरी मुलींनी मला दबक्या आवाजात हेच कारण सांगितलं आहे. इथे कोणता मनाचा खेळ आहे? एका रिलीव्हरचा प्रश्न डोकेदुखी, मूत्रपिंड आणि अपमान अशा तीन वाटांनी शरीरात उतरतो.

तुमची डोकेदुखी कोणत्या शिफ्टला जास्त असते, पाणी किती पिता, हे आधी तपासून बघा. घाम फार जात असेल तर तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला कपभर पाणी प्यायचं. लघवी फिकट राहिली पाहिजे.

आता रात्रपाळी. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाइट, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. शरीराचं घड्याळ एका आठवड्यात पुरतं वळत नाही, आणि वळायला लागतं न लागतं तोवर शिफ्ट बदलते. पहाटे तीन ते पाच ही शरीराची सगळ्यात मंद वेळ. डोळे मिटायला लागतात, हात चुकतो, आणि प्रेसवर हात चुकणं म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. या वेळी जागं राहायला चहा, तंबाखू, पुन्हा चहा. जठर आणि आतडी मात्र रात्री विश्रांतीच्या बेतात असतात. अशा वेळी रात्री एक वाजता कॅन्टीनची मसालेदार भाजी, चार चपात्या, भात पोटात गेला, सकाळी घरी येऊन पोहे खाल्ले आणि लगेच आडवं झालं, की आम्ल वर येणारच. एंडोस्कोपीत जखम दिसली नाही म्हणून जळजळ खोटी ठरत नाही. तंबाखूने अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते, त्याची यात भर.

रात्रपाळीचा धोका नुसत्या पोटापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं आहे. घाबरवायला सांगत नाही. झोपेला औषधाइतकं महत्त्व द्यावं, म्हणून सांगतो.

मग नाइटच्या आठवड्यात करायचं काय? मुख्य जेवण शिफ्टला निघण्यापूर्वी घरी. रात्रीच्या सुट्टीत हलकं: दही-भात, मूग, फळ, भाकरीचा चतकोर. चहाचा शेवटचा कप दोन-अडीचच्या आत. सकाळी बसमधून येताना काळा गॉगल घाला, कारण सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की मेंदूला दिवस सुरू झाल्याचा निरोप जातो. घरी आल्यावर थोडंसं खाऊन, तास-दीड तासाने आडवं व्हा, उशाकडून पलंग चार-सहा इंच उचला. दोन खोल्यांच्या घरात कुकरची शिट्टी, टीव्ही, मुलं, दारावरची बेल हे सगळं असतं, मला माहीत आहे. म्हणून हे घरच्यांशी बोलून ठरवावं लागतं. अमुक ते अमुक वेळेत फोन त्यांच्याकडे, खिडकीला जाड चादर, भाजी-दूध आणायची कामं तुमच्याकडे नाहीत. एकदम सहा तास झोप लागली नाही तर सकाळी चार तास आणि संध्याकाळी निघण्यापूर्वी दीड तास, अशी तुकड्यांनी झोपही चालते. नाइटची पहिली रात्र असेल त्या दुपारी तर झोपलंच पाहिजे.

शिफ्ट फिरायचा क्रम बघा. फर्स्टनंतर सेकंड, मग नाइट, असं पुढे पुढे सरकणारं चक्र शरीराला सोसतं, कारण उशिरा झोपणं शरीराला लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं. नाइटनंतर सेकंड, मग फर्स्ट असं उलटं चक्र असेल तर ते बदलून मागा. कंपनीला यात एक रुपया खर्च नाही, आणि युनियनने पगारवाढीच्या करारात ही मागणी जरूर घालावी.

ओटीबद्दल स्पष्ट बोलतो. आठवड्याला ४८ तास ही मर्यादा १९४८ च्या कारखाना कायद्याने घातली आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दर ठरवला. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनीही हे दोन्ही ठेवलं आहे. चार-चार तासांच्या दोन ओटी लावल्या की ४८ चे ५६ होतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून जो हिशेब मांडला, त्यात आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त दिसला. घराचा हप्ता, मुलांची फी, गावाकडचं घर हे सगळं ओटीवर उभं असतं, त्यामुळे ओटी बंद करा असं सांगून मी मोकळा होणार नाही. पण तुमचं बीपी आज चढलेलं आहे. ते आटोक्यात येईपर्यंत निदान नाइटच्या आठवड्यात ओटी नको. दोन-तीन महिन्यांचा तो तोटा पक्षाघातानंतरच्या खर्चापुढे काहीच नाही.

आता बीपी नीट मोजायचं. दवाखान्यात एकदा मोजून निर्णय होत नाही. काही लोकांचं डॉक्टरपुढे वाढतं आणि घरी नीट असतं. कामगारांत मी याच्या उलट जास्त पाहतो: साप्ताहिक सुट्टीला दवाखान्यात १३०, आणि शिफ्टच्या मध्यावर १५५. सुट्टीच्या दिवशीच मोजलं तर हा माणूस वर्षानुवर्षं निरोगी म्हणून फिरतो. म्हणून दंडावर पट्टा बांधायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र घ्या, मनगटाचं नको. पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, हात छातीच्या पातळीला. तिन्ही शिफ्टच्या आठवड्यांत रोज दोनदा मोजा, शिवाय कामाच्या मध्यावर ओएचसीत जाऊन मोजून घ्या. शेजारी त्या दिवशीची शिफ्ट, झोपेचे तास, ओटी, घेतलेल्या गोळ्या लिहा. घरच्या मोजणीची सरासरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर तो रक्तदाबाचा आजार आहे आणि त्याला बहुधा गोळी लागेल. गोळी म्हणजे हार नाही. ती चालू झाली की शिफ्ट बदलली म्हणून मध्येच बंद करायची नाही. नाइटच्या आठवड्यात कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा. तुम्ही तीन शिफ्टमध्ये काम करता हे त्यांना आपण होऊन सांगा. बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘सकाळी एक’ एवढंच लिहिलेलं असतं आणि नाइटवाल्याची सकाळ कोणती, हे कुणी विचारत नाही.

तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट विचारतो: मानेसाठी मेडिकलमधून कोणती गोळी आणता? चाकण-भोसरीतल्या कितीतरी ऑपरेटरांच्या डब्यात जेवणासोबत डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची पट्टी सापडते. एक गोळी शिफ्टपूर्वी, एक नंतर, महिनोन् महिने. या गटातल्या गोळ्या बीपी वाढवतात, जठराचं अस्तर सोलवटतात आणि पाणी कमी पिणाऱ्याच्या मूत्रपिंडाला इजा करतात. म्हणजे मानेसाठी घेतलेली गोळी तुमचं बीपीही वाढवत असेल आणि जळजळही. तसं चालू असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. बीपी, जळजळ आणि डोकेदुखी अशा तीन तक्रारींची एक वाट इथून जात असण्याची दाट शक्यता मला वाटते. रोज वेदनाशामक घेणाऱ्याला त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते, हेही खरं आहे.

मान आणि हात यांच्याबाबत मात्र सगळं खापर ताणावर फोडू नका. सतत दचकून, सावध राहून काम केलं की खांदे नकळत कानांकडे चढतात आणि तसेच राहतात, हे खरं. पण मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना येतात ते बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. रात्री जाग येते, हात झटकला की बरं वाटतं: असं असेल तर मनगटातली नस दबली असावी. प्रेसवर सुरक्षेसाठी दोन्ही हातांनी दोन बटणं दाबावी लागतात, एका शिफ्टमध्ये हजारो वेळा तळव्याच्या बुडाने तोच दाब. बटणं जड असतील, उंची चुकीची असेल, तर मनगट जाणारच. हे यंत्राचं दुखणं आहे आणि ते मेंटेनन्सला सांगून सुटू शकतं: बटणांची उंची कोपराच्या जवळपास आणणं, हलक्या स्पर्शाची बटणं बसवणं, दोन तासांनी दुसऱ्या कामावर पालटणं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपा. दोन्ही हातांना मुंग्या असल्याने एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्ह या तपासण्या करून घ्या. करंगळीला मुंग्या असतील किंवा हातातून वस्तू निसटायला लागली असेल तर लांबवू नका.

घोरता का, हे पत्नीला विचारा. झोपेत श्वास अडकून दचकून उठणं, सकाळी डोकं जड, दिवसा पेंग, आणि सोबत न उतरणारं बीपी, असं असेल तर झोपेची तपासणी लागते. तो आजार ताणाच्या नावाखाली सहज दडून राहतो.

आवाजाचा विषय लोक कानापुरता धरतात. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज ८५ डेसिबलच्या वर आहे असं समजा. आपल्याकडे आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि प्रेस शॉप ती सहज ओलांडतं. मोठा आवाज तुम्हाला सवयीचा झाला तरी शरीराला होत नाही. तो नाडी आणि बीपी वर ठेवतो. इअरप्लग घातल्यावर सुपरवायझरची हाक ऐकू येत नाही, म्हणून एका कानातला काढून ठेवणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका. हाकेऐवजी दिवा किंवा हाताची खूण ठरवून घेता येते.

तंबाखू रात्री जागवते हे खरं, पण दर चिमटीला बीपी आणि नाडी वर ढकलते. सोडायची तर एकदम मनाशी ठरवण्यापेक्षा नाइटचा आठवडा टाळून, फर्स्टच्या आठवड्यात सुरुवात करा. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर फोन करून मदत मिळते.

दिवसभर उभाच असतो, वेगळा व्यायाम कशाला, हे मला सगळेच विचारतात. एका जागी उभं राहणं आणि तीच हालचाल हजारदा करणं याने हृदय मजबूत होत नाही. पायांच्या शिरा फुगतात, कंबर धरते. मोकळ्या हवेत तीस मिनिटं भरभर चालणं वेगळं. आठवड्यातून पाच दिवस जमलं तर बीपी उतरायला खरोखर मदत होते. कॅन्टीनचं लोणचं-पापड सोडा. दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक लहान चमचा.

आता कंपनीशी कसं बोलायचं. पगारामुळे तुम्ही बहुधा ईएसआयच्या, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेच्या बाहेर असाल (महिना २१ हजार पगाराची मर्यादा २०१७ पासून तशीच आहे), आणि मेडिक्लेम साधारणपणे दवाखान्यात भरती झाल्याशिवाय पैसे देत नाही. त्यामुळे बीपीची गोळी तुमच्याच खिशातून येते आणि लोक ती टाळतात. टाळू नका, साध्या गोळ्या जेनेरिकमध्ये स्वस्त मिळतात. नव्या संहितांनुसार ४० वर्षांवरच्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत तपासणी करणं मालकावर आलं आहे. त्या तपासणीचे कागद मागून घ्या, ते तुमचे आहेत. बीपीची वही घेऊन ओएचसीच्या डॉक्टरांना भेटा आणि तोंडी तक्रार न करता लेखी शिफारस मागा: बीपी आटोक्यात येईपर्यंत तीन महिने नाइट नको, किंवा नाइटला ओटी नको, किंवा दोन तासांनी काम पालटून द्यावं. मागणी जितकी नेमकी आणि मुदतीची, तितकी ती मान्य होते. ‘मला टेन्शन आहे’ म्हणून एचआरकडे गेलात तर हातात काही पडत नाही. ‘नाइटच्या आठवड्यात बीपी १५८/१०० राहतं, फर्स्टला १३८/८८, ही वही’ असं दाखवलं तर नाही म्हणणं त्यांना जड जातं. सोबत युनियनचा किंवा सेफ्टी कमिटीतला माणूस असू द्या. आजार कळला तर हलक्या कामावर टाकून भत्ते जातील ही भीती खरी आहे, आणि म्हणूनच मुदत लिहून घ्यायची.

तुमच्या शेजारी जो कंत्राटी पोरगा उभा आहे, त्याची गोष्ट याहून कठीण आहे. सात महिन्यांनी ब्रेक देऊन काढतील का, ठेकेदार पुन्हा घेईल की नाही, हा ताण कामाच्या रेट्याच्या वर. तो आजारी असल्याचं सांगतच नाही. निदान त्याचा पगार ईएसआयच्या मर्यादेत असतो. पगारातून ०.७५ टक्के कापले जात असतील तर कार्ड मागून घ्यायला सांगा. वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतनाने आजारपणाचा लाभ आणि चिंचवडला मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात उपचार हा त्याचा हक्क आहे, उपकार नव्हे. कित्येकांना आपला विमा क्रमांकच माहीत नसतो.

प्लांट हेड आणि एचआरमधली मंडळी हे वाचत असतील तर त्यांनाही एक सांगायचं आहे. वार्षिक तपासणीत आपण कान मोजतो, फुप्फुसं मोजतो, रक्त काढतो. काम कसं चाललंय, हे एका ओळीनेही विचारत नाही. जपानमध्ये २०१५ पासून पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी वर्षातून एकदा ताणाची प्रश्नावली कायद्यानेच द्यावी लागते, आणि त्याचं उत्तर कामगाराच्या संमतीशिवाय मालकाला बघता येत नाही. आपल्याकडे कायद्याची वाट कशाला बघायची? माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात प्रत्येक लाइनला एक फिरता माणूस दिला आणि पाण्याचे जार लाइनच्या टोकाला आणून ठेवले. योगवर्ग नाही, पोस्टर नाही, व्याख्यान नाही. दोन उन्हाळ्यांत ओएचसीच्या रजिस्टरमधल्या डोकेदुखीच्या नोंदी नजरेत भरतील इतक्या कमी झाल्या. सुपरवायझरलाही वरून शिव्या बसतात आणि तो त्या खाली पोचवतो. त्याचं टार्गेट माणसांची संख्या बघून ठरवलं तर शॉपमधली निम्मी आरडाओरड आपोआप थांबते.

एक गोष्ट अवघड आहे, पण विचारतोच. मुलांशी बोलावंसं वाटत नाही, जेवणात चव नाही, पहाटे जाग येऊन ‘आपण नसतो तर बरं’ असे विचार येतात का? येत असतील तर तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि तो बीपीइतकाच खरा आहे. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. घरातल्या एका माणसाला तरी सांगा.

शेवटी तातडीचं. छातीत दाब, आवळल्यासारखं, डावा हात किंवा जबडा दुखणं, दरदरून घाम, धाप: यातलं काही झालं तर ते अ‍ॅसिडिटी समजून गोळी घेऊन लाइनवर उभं राहू नका. आधीचा ईसीजी नॉर्मल होता हे त्या क्षणी धरायचं नाही, तिथल्या तिथे १०८ ला फोन. तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, यालाही तेच. बीपी १८०/११० च्या वर दिसलं तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि तेवढंच असेल तर शिफ्ट संपायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर. एरवी तीन आठवड्यांची वही भरली की ती, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि या महिन्याचं शिफ्टचं वेळापत्रक घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा, आणि तिन्ही गोष्टी टेबलावर एकत्र ठेवा.